काकूंची ‘झोपेची’ गोळी

लोकमान्य नगरातल्या आमच्या काकू पोह्यांवर जीरावण मसाला स्वतःच भुरभुरवतात, डबी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. त्या रविवारी मात्र पोह्यांपेक्षा ओट्यावरच जास्त सांडलं. हात थरथरत होता, कपाळ घामाने डबडबलेलं, सकाळपासून चारदा पोट बिघडलेलं. ऊन बाधलं असं घरात ठरलं आणि कैरीचं पन्हं झालं. संध्याकाळी ताप चढला, काकूंना एका जागी बसवेना, तेव्हा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काकूंचं पाऊल झटकन वर ढकलून तसंच धरलं. घोटा शिवणयंत्राच्या पायट्यासारखा आपसूक खालीवर उडू लागला. बाईंनी लगेच विचारलं, “मनासाठी काही गोळी घेता का?”

“नाही हो. एक झोपेची आहे तेवढी.”

ती ‘झोपेची’ म्हणजे पॅरोक्सेटिन, नैराश्यावरची गोळी. काका गेल्यापासून चालू होती. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरांनी चार दिवसांपूर्वी ट्रॅमाडॉल लिहून दिलं होतं. त्यांनीही विचारलं होतंच, दुसरं काही चालू आहे का? काकूंनी बीपीची गोळी सांगितली. चिठ्ठ्या दोन, दवाखाने दोन. गोळ्यांची गाठ पडली ती थेट पोटात.

मेंदूतल्या काही पेशी निरोप धाडताना सिरोटोनिन सोडतात आणि काम झालं की ते परत ओढून घेतात. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम या गोळ्या हे ओढून घेणं अडवतात. ट्रॅमाडॉलला आपण नुसतं दुखण्याचं औषध समजतो, पण तेही तेच दार अडवतं. मग सिरोटोनिन तुंबतं आणि थरथर, घाम, जुलाब, ताप, बेचैनी सुरू होते. याला सिरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. बहुतेकदा औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर २४ तासांच्या आत तो दिसतो, आणि वेळीच ओळखला नाही तर जिवावर बेततो.

खरी मेख यकृतात आहे. ट्रॅमाडॉलचं दुखणं मारण्याचं बरंचसं काम ते स्वतः करत नाही. यकृतातलं सीवायपी-२डी-६ नावाचं एन्झाइम त्याचं रूप पालटतं, आणि ते नवं रूप अफूच्या कुळातल्या औषधांसारखं वेदना दाबतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन नेमकं हेच एन्झाइम रोखतात. म्हणजे गुडघा दुखतच राहतो आणि सिरोटोनिन वाढवणारं मूळ ट्रॅमाडॉल रक्तात साचतं. काकूंनी काय केलं? ठणका थांबेना म्हणून आदल्या दिवशी दोनाच्या तीन गोळ्या केल्या. अशा जोडीत फिट येण्याचाही धोका वाढतो, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक होतं!

१९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दगावली. ती फेनेल्झिन हे नैराश्यावरचं जुन्या पिढीतलं औषध घेत होती आणि रुग्णालयात तिला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं. त्या प्रकरणानंतर तिथे शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली. माझ्या मते तासांइतकीच चर्चा या जोडगोळीची व्हायला हवी होती. आपल्याकडे २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, ते नशेच्या भीतीने.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकची गोष्ट वेगळी. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट सिरोटोनिन स्वतः बनवत नाहीत, रक्तातून उचलतात. नैराश्यावरची गोळी ते उचलणंही अडवते, त्यामुळे ही वेदनाशामकं सोबत घेतली तर जठरात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. तरी घाबरून नैराश्यावरची गोळी एकाएकी बंद करू नये, त्याचा त्रास निराळाच.

काकूंच्या दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या, सलाईन लावलं, सायप्रोहेप्टाडिन दिलं. हो, पोरांना भूक लागावी म्हणून पाजतात तेच; ते सिरोटोनिनला आवर घालतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोटा शांत झाला.

पुढे मनाच्या डॉक्टरांनी पॅरोक्सेटिन पुन्हा सुरू केलं आणि गुडघ्याला पॅरासिटामॉल आलं. आता काकूंच्या बटव्यात सगळ्या औषधांची यादी असते, त्यांच्याच अक्षरात. पॅरोक्सेटिन पहिल्या ओळीत आहे. त्याच्यापुढे लिहिलंय, ‘झोपेची’.