पोंते देई पुन्यी (व्हेनिस)

इटलीतल्या व्हेनिसच्या दोर्सोदुरो भागात, सान बार्नाबा चर्चजवळच्या अरुंद कालव्यावरचा (असल्या लहान कालव्यांना तिथे रिओ म्हणतात) छोटा कमानदार पूल, म्हणजेच गुद्द्यांचा पूल. शहरात असे शेकडो पूल आहेत, पण हा प्रसिद्ध झाला तो कास्तेलानी आणि निकोलोत्ती या दोन गटांच्या मारामाऱ्यांमुळे.

हे गट नेमके कधी पडले यावर एकमत नाही. काहीजण वैर पार ९ व्या शतकापर्यंत नेतात, खाडीतल्या दोन जुन्या वस्त्यांमधून आलेल्या लोकांचं भांडण म्हणून. दुसरी कथा १४ व्या शतकाच्या सुरुवातीची, पूर्वेकडच्या कास्तेल्लो भागाचा बिशप चर्चचा कर मागायला पश्चिमेकडच्या वस्तीत गेला आणि तिथे त्याचा खून झाला, तिथून वैर धरलं गेलं म्हणे. दोन्ही कथा बऱ्याच उशिराच्या लिखाणातून येतात, त्यामुळे वस्ती आणि धंदा यांतून गट पडले हे जास्त पटतं: कास्तेलानींचा कणा पूर्वेकडचे आर्सेनाले गोदीतले कामगार, निकोलोत्तींचा पश्चिमेकडचे सान निकोलोचे कोळी. पहिल्यांची टोपी आणि कमरपट्टा लाल, दुसऱ्यांचा काळा.

आधी काठ्या चालायच्या, साधारण १६ व्या शतकाच्या अखेरीपासून नुसते गुद्दे. तेव्हा पुलाला कठडेच नव्हते, म्हणून धक्का बसला की माणूस सरळ पाण्यात. आधी एकेकट्यांच्या जोड्या लढायच्या, त्याला मोस्त्रा म्हणत, आणि मग पूल काबीज करायला दोन्हीकडून झुंडच्या झुंड तुटून पडायची, ती फ्रोत्ता. पुलाच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत पांढऱ्या दगडात पावलांचे ठसे आहेत, सुरुवातीला लढणाऱ्याने पाय कुठे रोवायचा त्याची ती खूण. आज पर्यटक फोटो काढतात ते याच ठशांचे, पण मोस्त्रा माहीत नसेल तर ते चारच का आणि कोपऱ्यांतच का हे कळतच नाही, आणि तोच या पुलाचा सगळ्यात बोलका भाग आहे.

सरकार अधूनमधून मनाई करायचं पण उमराव स्वतः गच्च्यांवरून बघायचे, आणि १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा आन्री आला तेव्हा त्याच्यासाठी जवळच्याच कार्मिनी पुलावर मुद्दाम लढत लावली होती. १७०५ मध्ये प्रकरण दगड आणि सुऱ्यांवर गेलं आणि मग मात्र बंदी टिकली. पुढे गटांची चुरस फोर्झे देर्कोले म्हणजे मानवी मनोऱ्यांकडे वळली.

आता पुलाला कठडे आहेत, शेजारी कालव्यात भाजीची होडी लागते. लढतींच्या वेळच्या गर्दीची खरी कल्पना येते ती धाकट्या जोसेफ हाइन्त्झच्या १७ व्या शतकातल्या चित्रावरून.