पॉलिसी एकत्र केल्या की लॉगिन पळतं?

सांगली-मिरजेकडे ऑफिसांचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: ‘सगळ्या ग्रुप पॉलिसी एकीतच घाला, लॉगिन पळेल.’ (ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोजमध्ये सर्व्हरवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना लावलेला सेटिंग्जचा संच.)

ऐकायला पटतं. पण वेळ पॉलिसींच्या संख्येपेक्षा आतल्या कामांत जातो: सॉफ्टवेअर बसवणं, फोल्डर सर्व्हरवर हलवणं, लॉगिन स्क्रिप्ट, बंद पडलेल्या प्रिंटरची वाट बघणं. एकीत कोंबली तरी ही कामं तेवढीच राहतात.

तपासायचं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या नोंदी दाखवणारं साधन) ग्रुप पॉलिसीचा ऑपरेशनल लॉग, म्हणजे तिच्या कामाची नोंदवही, उघडा. 8001 क्रमांकाच्या नोंदीत लॉगिनवेळी पॉलिसी लागू व्हायला लागलेले एकूण सेकंद दिसतात, 5016 मध्ये त्यातल्या प्रत्येक प्रकारच्या कामाचे मिलिसेकंद. एकत्र करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून बघा.

एकमेकांना खोडणारी सेटिंग्ज आवरायची असतील, तर मात्र एकत्रीकरण जरूर करा.