अंडं उकडताना नेमकं काय बिघडतं?

अंडं उकडणं म्हणजे स्वयंपाकातलं अगदी सोपं काम, असं सगळे धरून चालतात. तरीही कवचाबरोबर पांढऱ्या भागाचे लचके निघतात, पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडं येतं, नाहीतर सगळं अंडंच चिवट होतं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. एका कवचात दोन वेगळे पदार्थ असतात आणि दोन्हींना लागणारं तापमान वेगळं असतं.

पांढऱ्या बलकात सुमारे ९० टक्के पाणी असतं आणि उरलेली बहुतेक प्रथिनं. ही प्रथिनं लोकरीच्या गुंड्यांसारखी गुंडाळलेली असतात. आच लागली की गुंडे उलगडतात, धागे एकमेकांत अडकतात आणि त्या जाळ्यात पाणी धरलं जातं. यालाच आपण अंडं शिजलं म्हणतो. आच तशीच चालू राहिली तर जाळं आवळत जातं, पाणी पिळून निघतं आणि पांढरा भाग चिवट होतो.

त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागतं. पण ज्याचा वाटा निम्म्याहून जास्त, ते ओव्हाल्ब्युमिन ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत दाद देत नाही. पिवळा बलक मात्र ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० अंशांपर्यंत घट्ट होतो. म्हणजे बाहेरच्याला जास्त उष्णता हवी, आतल्याला कमी. उष्णता बाहेरून आत शिरते, म्हणून तर हे जमतं. आपल्या हातात राहते ती फक्त वेळ.

२०२५ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी यावर एक उपाय मांडला. अंडं २ मिनिटं उकळत्या पाण्यात, मग २ मिनिटं ३० अंशांच्या पाण्यात, असं आलटून पालटून ३२ मिनिटं ठेवायचं. पिवळा बलक ६७ अंशांच्या आसपास स्थिरावतो आणि पांढराही नीट शिजतो. सकाळच्या घाईत अर्धा तास दोन भांड्यांपाशी उभं राहायची तयारी असेल, तर जरूर करून पाहावं.

बाकीच्यांसाठी साधी रीत पुरते. अंड्यांवर २-३ सेंटिमीटर येईल इतकं पाणी आधी उकळून घ्यावं. आच मंद करून फ्रीजमधली अंडी झाऱ्याने अलगद सोडावीत. ५५ ते ६० ग्रॅमच्या अंड्याचा पिवळा बलक ६ मिनिटांत वाहता राहतो, ८ मिनिटांत मऊसर दाटतो आणि ११-१२ मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. पाणी खदखदा उकळलं म्हणून जास्त तापत नाही; अंडी मात्र एकमेकांवर आणि तळावर आपटून तडकतात. पाण्यात मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने तडा जायचा थांबत नाही, तड्यातून बाहेर येणारा पांढरा बलक तेवढा तिथेच लवकर गोठतो.

आकाराचा फरक वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो. ६० ग्रॅमच्या अंड्याला ५० ग्रॅमच्या अंड्यापेक्षा सुमारे १२-१३ टक्के जास्त वेळ लागतो, म्हणजे ८ मिनिटांची ९ मिनिटं होतात. उंचीवरच्या गावात पाणी कमी तापमानालाच उकळतं (१५०० मीटरवर साधारण ९५ अंशांना), तिथेही एखाद-दोन मिनिटं वाढवावी लागतात.

आता सोलण्याचं दुखणं. अंडं जितकं ताजं, तितकं ते सोलताना छळतं. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) ८ च्या आत-बाहेर राहतो. अशा वेळी शिजणारा बलक कवचाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून हा वायू हळूहळू निघून जातो, सामू ९ च्या वर चढतो आणि पकड सैल होते. म्हणून उकडायला आठ-दहा दिवसांची अंडी बरी. ताजीच वापरायची असतील तर थंड पाण्यापासून सुरुवात करू नये. पाणी हळूहळू तापलं की प्रथिनांना पापुद्र्याला चिकटायला सवड मिळते. एकदम उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर टाकलं की ती आपापसातच झटकन बांधली जातात. पाण्यात खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण फरक पडतो तो मुख्यतः गरम सुरुवातीने.

वेळ झाली की अंडी लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत आणि निदान १० मिनिटं ठेवावीत. भांडं उतरवलं तरी अंड्याच्या आत उष्णता सरकतच असते. मग रुंद टोकाला, जिथे हवेची पोकळी असते, तिथे कवच फोडून पापुद्र्यासकट सोलायला घ्यावं.

हिरवट कड्याचं कारणही जास्तीची आचच. पांढऱ्या बलकातल्या गंधकयुक्त प्रथिनांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, पिवळ्या बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि सीमेवर आयर्न सल्फाइडचा थर बसतो. त्याने अपाय होत नाही, वास आणि रंग तेवढा बिघडतो. गंमत अशी, की सामू वाढल्यावर हे कडं लवकर येतं; म्हणजे सोलायला सोपं असलेलं जुनं अंडंच जास्त उकडलं तर आधी हिरवं पडतं. तिथे घड्याळ पाहायलाच हवं.

पाण्यात अंडं तरंगलं म्हणजे ते नासलंच, असं नाही. आतलं पाणी छिद्रांतून उडून पोकळी वाढली, इतकंच त्यातून कळतं. नासकं अंडं फोडल्यावर वासानेच ओळखू येतं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मात्र साल्मोनेला जिवाणूच्या धोक्यामुळे पूर्ण घट्ट अंडंच द्यावं. उकडलेली अंडी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावीत, तीही कवचासकट, आठवडाभर टिकतात. परत गरम करायची तर गरम पाण्यात बुडवावीत. मायक्रोवेव्हमध्ये आतला ओलावा कोंडतो आणि अख्खं अंडं, सोललेलं असलं तरी, बाहेर काढल्यावर सुरी लावताच फुटू शकतं.