सोल लेविटचे भौमितिक स्क्रीनप्रिंट

सोल लेविट (१९२८–२००७) हा अमेरिकन कलाकार, कन्सेप्च्युअल आर्टचा, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेचा विषय निघाला की पहिल्या दोन-तीन नावांत येणारा. लोकांना तो माहीत असतो तो भिंतीवरच्या ड्रॉइंग्जमुळे नाहीतर पांढऱ्या पोकळ चौकटींच्या रचनांमुळे, पण प्रिंट्स पण त्याने चिक्कार केलेत, एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून), लिथोग्राफ (दगडावरून), वुडकट (लाकडावर कोरून) आणि स्क्रीनप्रिंट (जाळीतून), आणि माझ्या मते त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायचं तर स्क्रीनप्रिंटपासून सुरुवात केलेली बरी. मिनिमलिस्ट, म्हणजे अगदी मोजक्या, साध्या आकारांत काम करणारा, हे लेबल त्याला फारसं पटायचं नाही, तरी म्युझियमवाले त्याला दोन्ही खात्यांत टाकतात.

कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा हा माणूस. सिराक्यूज युनिव्हर्सिटीत शिकून १९५३ मध्ये न्यूयॉर्कला आला, तिथे 'सेव्हन्टीन' मासिकात पेस्टअप (छपाईसाठी मजकूर-चित्रं कापून पानावर चिकटवणं) वगैरे कामं केली, नंतर आर्किटेक्ट आय. एम. पेई यांच्या ऑफिसात ग्राफिक डिझायनर होता. म्हणजे छपाईला जाणारं पान कसं तयार होतं हे त्याने नोकरीत पाहिलेलं, आणि पेईंच्या ऑफिसात हेही की डिझाइन एकाचं असतं आणि बांधणारे दुसरेच असतात. १९६७ मध्ये 'आर्टफोरम' या कलाविषयक मासिकातल्या लेखात त्याने मांडलं की कल्पना हेच कलाकृती बनवणारं यंत्र, आधी सगळं ठरवून टाका, मग करणं हा नुसता उपचार. हे वाक्य सगळे कोट करतात, पण ते प्रत्यक्षात कसं चालतं ते प्रिंटमध्ये दिसतं.

सत्तरच्या दशकातल्या प्रिंट्समध्ये मालमसाला अगदी मोजका. रेघा चार प्रकारच्या, उभी, आडवी आणि दोन बाजूंच्या दोन तिरक्या. रंगही चारच, काळा, पिवळा, लाल, निळा, आणि छापखान्यातल्या चार शायांशी हे इतकं जुळतं की मला तरी तो योगायोग वाटत नाही. आता ह्या चार रेघांची सगळी कॉम्बिनेशन्स करायची म्हटली तर एकेकट्या ४, जोड्या ६, तिघींच्या ४ आणि चारही एकत्र १, झाले १५, सोळावं काही निघतच नाही. चित्र कधी संपवायचं हा प्रश्नच उरत नाही कारण यादी संपली की चित्र संपलं.

आणि इथे स्क्रीनप्रिंटिंगचं तंत्र त्याच्या डोक्याशी फिट्ट बसतं. फ्रेमवर ताणलेली जाळी, त्यावर स्टेन्सिल, वरून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने शाई ओढायची, लग्नपत्रिका आणि टीशर्ट छापणाऱ्यांकडे पाहिलेलंच असेल तुम्ही. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून एका दिशेला एक रंग दिला की चार स्क्रीनमध्ये पंधराच्या पंधरा कॉम्बिनेशन्स एकाच कागदावर येतात, जिथे ती रेघ नको तिथे त्या स्क्रीनमधून शाई जात नाही, बस. पॅलेटवर रंग कालवलेला नसतो, जवळून पाहिलं तर पिवळी रेघ पिवळी आणि निळी निळीच, पण चार पावलं मागे गेलं की तोच चौकोन हिरवट वाटायला लागतो. अट एवढीच की रजिस्ट्रेशन, म्हणजे प्रत्येक रंग कागदावर नेमक्या जागी बसणं, पक्कं पाहिजे, कागद जरा सरकला की एवढ्या बारीक रेघांत लगेच कळतं.

एचिंगमधल्या रेघेत थोडासा हात जाणवतो, स्क्रीनप्रिंटमध्ये शाई सपाट बसते आणि तो जाणवतच नाही. पण म्हणून कारागीर बिनमहत्त्वाचा असं समजू नका, उलट सगळा भार त्याच्यावरच येतो. ब्रुकलिनचे जो वातानाबे यांनी लेविटचे बरेच स्क्रीनप्रिंट छापले आणि तेच त्याच्या भिंतीवरच्या ड्रॉइंग्जवरही काम करायचे.

पुढे रेघांच्या जोडीला आकार आले: वर्तुळ, चौरस, त्रिकोण, आयत, समलंब, समांतरभुज. १९८० मध्ये तो इटलीतल्या स्पोलेतोला राहायला गेला, तिथे जुनी भित्तिचित्रं भरपूर पाहिली, आणि त्यानंतर रंग भरगच्च होत गेले. घन आणि पिरॅमिडसारखे आकार यायला लागले, ज्यांच्या बाजूंना वेगवेगळा रंग, त्यामुळे सपाट कागदावर ठोकळा ठेवल्यासारखा भास. नव्वदनंतर तर वळणदार, भडक रंगांचे पट्टे. काहींना हे सजावटी वाटतं, मला तसं वाटत नाही, रंग बदलले तरी पट्टा कुठून निघून कुठे जायचा याचा नियम तिथे असतोच.

गंमत म्हणजे भिंतीवरचं ड्रॉइंग विकलं जातं ते सर्टिफिकेट आणि सूचनांच्या रूपात, ते पुसून दुसरीकडे परत काढता येतं. प्रिंटचं तसं नाही, ठरलेल्या प्रती, त्यावर पेन्सिलने नंबर आणि सही, म्हणजे हात न लावणाऱ्या कलाकाराचा हात शेवटी मार्जिनमध्ये सापडतो. बघायचे तर प्रत्यक्ष बघावेत, मोबाइलवर ह्या बारीक रेघांचे फोटो लहान केले की मुळात नसलेल्या लाटा दिसायला लागतात आणि रंगांचं मिक्सिंग पार गंडतं.