तासभर मोजून चोवीसने गुणले, म्हणजे वाहतूक मोजली का?

नागपूरच्या पानठेल्यांवर कित्येक वर्षांपासून असे सांगितले जाते, की रस्त्याकडेला बसलेली माणसे तासभर गाड्या मोजतात, आकड्याला चोवीसने गुणतात आणि झाली मोजणी. हे खरे नाही.

रस्त्यांसाठीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या शहराबाहेरील रस्त्यांसाठीच्या पद्धतीनुसार मोजणी सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास आणि वर्षातून दोनदा करायची असते : एकदा सुगीत आणि एकदा वर्दळ कमी असताना. काटोलकडे आंबिया बहराची संत्री निघतात तेव्हाची वर्दळ आणि भर पावसाळ्यातली वर्दळ सारखी कशी असेल? यात्रा-मेळ्याचे दिवसही टाळायचे असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे लोटणारी गर्दी वर्षभराची सरासरी ठरवू शकत नाही.

मोजणीदार प्रत्येक वाहनाची रेघ त्याच्या प्रकाराच्या रकान्यात ओढतो, चार उभ्या रेघांवर पाचवी तिरपी. हे रकाने फार मोलाचे आहेत, कारण नुसती गाड्यांची बेरीज दिशाभूल करते. एक वाहन रस्त्यावर किती मोटारींच्या बरोबरीचे, हेही पाहावे लागते. काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांत मोटार १, ट्रक ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५, तर मोठी बैलगाडी ८ धरली आहे. दुपदरी रस्त्यावर संथ वाहनाला ओलांडायचे तर समोरून येणाऱ्यांच्या पदरात शिरावे लागते आणि तशी मोकळी जागा मिळेपर्यंत मागे रांग वाढत जाते. बैलगाडीचा आकडा मोठा आहे तो यामुळेच.