दोन कागद, दोन्हीवर ४०: टॉनिकचा लॅब रिपोर्ट वाचताना

वरुड-मोर्शीच्या संत्राबागा असोत की यवतमाळकडची पऱ्हाटी, फवारणीचे दिवस आले की कृषी केंद्राच्या काउंटरवर पिकासाठीची पेप्टाइड-अमिनोची टॉनिकं लागतात. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनचे सुटे मणी, पेप्टाइड म्हणजे त्या मण्यांच्या छोट्या साखळ्या. भाव ऐकून गिऱ्हाईक मागे सरकलं की दुकानदार लॅबचा कागद काढतो: ‘पाहा ना भाऊ, ४० टक्के प्रोटीन!’ शेजारच्या महाग डब्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘एकूण अमिनो आम्ल ४० टक्के’. आकडा तोच, मग स्वस्तातलं का घेऊ नये?

पहिला आकडा बहुधा जेल्डाल पद्धतीचा. तिच्यात प्रोटीन मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात, कारण प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. सरकीच्या ढेपेला हा हिशेब चालतो. टॉनिकात कोणी युरिया कालवला तर मात्र घोळ होतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. १०० ग्रॅम मालात १४ ग्रॅम युरिया आणि बाकी नुसतं पाणी असलं, तरी कागदावर ४० टक्के ‘प्रोटीन’ उमटतं. लॅब खोटं बोललेली नसते, हे यातलं खरं दुखणं. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळून याच हिशेबाला फसवलं होतं.

दुसऱ्या पद्धतीत नमुना तीव्र आम्लात तापवून पेप्टाइडच्या साखळ्या तोडतात आणि सुटलेली अमिनो आम्लं एचपीएलसी यंत्रावर वेगवेगळी मोजतात: ग्लायसीन इतकं, ग्लुटामिक आम्ल इतकं. इथे युरिया लपत नाही. पैसे ‘पेप्टाइड’चे मोजत असाल, तर साखळ्या न तोडता मोजलेल्या ‘मुक्त अमिनो आम्ला’चा आकडाही मागा. तो एकूण आकड्याइतकाच निघाला, तर डब्यात पेप्टाइड जवळपास नाहीतच.

हा चांगला कागदही तपासलेल्या नमुन्यापुरताच असतो. बॅच नंबर डब्याशी जुळला नाही तर तो तुमच्या कामाचा नाही. भिंतीवरचं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र कंपनीच्या कारभाराचं, मालाचं नव्हे. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यताही चाचणीनिहाय असते. पाणी तपासायची मान्यता असलेल्या लॅबला अमिनोची असेलच असं नाही. कोणत्या लॅबला कशाची मान्यता आहे, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

रिपोर्टात ‘चाचणी पद्धत’ हा रकानाच नसेल, तर दुकानदाराला कंपनीकडून पूर्ण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवायला सांगा. तोवर उधारीवरही डबा उचलू नका.