हृदयविकाराच्या झटक्यानंतर ईसीजीत होणारे बदल

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी हृद्‌रोहिणी अचानक बंद झाली, की त्या भागाची विद्युत् क्रिया बिघडते आणि हा बिघाड ईसीजीच्या आलेखात टप्प्याटप्प्याने उमटतो. हे बदल मिनिटामिनिटाला पालटू शकतात. त्यामुळे पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून झटक्याची शक्यता फेटाळणे धोक्याचे आहे. छातीत दुखत राहिले, तर दर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढतात.

सर्वांत आधी टी तरंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या आलेखातला शेवटचा उंचवटा, उंच आणि रुंद होतो. ही अवस्था फार थोडा वेळ टिकते, म्हणून बरेचदा ती हाती लागतच नाही. पाठोपाठ एसटी खंड, म्हणजे टीच्या लगेच आधीचा एरवी सपाट असणारा भाग, मूळ रेषेच्या वर चढतो. हृद्‌रोहिणी बंद झाल्यावर दिसणारा हा चढ अमेरिकन डॉक्टर हॅरॉल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये नोंदवला. आजही तातडीच्या उपचाराचा निर्णय मुख्यतः त्याच्यावरच होतो. शेजारच्या दोन लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक दिशेने पाहून काढलेला आलेख) किमान १ मिमी चढ अर्थपूर्ण मानतात. छातीवरच्या व्ही२ आणि व्ही३ या लीडमध्ये मात्र निरोगी माणसातही थोडा चढ असू शकतो, म्हणून तिथे चाळिशीपुढच्या पुरुषांसाठी २ मिमी आणि स्त्रियांसाठी १.५ मिमी अशी मर्यादा आहे.

कोणत्या लीडमध्ये चढ आहे, यावरून इजेची जागा कळते. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीड हृदयाची खालची बाजू दाखवतात, तर व्ही१ ते व्ही४ पुढची. मागच्या भिंतीचा झटका सहज नजरेतून सुटतो. नेहमीच्या बारा लीडपैकी एकही तिच्यासमोर नसते. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी उलट खाली गेलेला दिसतो. अशा वेळी पाठीवर व्ही७ ते व्ही९ या जास्तीच्या लीड लावाव्या लागतात.

काही झटक्यांत एसटी चढतच नाही. तो खाली जातो, टी उलटा होतो किंवा आलेखात काहीच दिसत नाही. तिथे रक्तातील ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची, तपासणी निर्णायक ठरते.

झटक्यानंतर काही तासांपासून क्यू तरंग, म्हणजे ठोक्याच्या मोठ्या उंचवट्याआधी खाली जाणारी रेघ, ठळक उमटू लागतो. ०.०४ सेकंद, म्हणजे कागदावरचा एक छोटा चौकोन, किंवा त्याहून रुंद क्यू बहुधा मृत स्नायूची खूण असते. पुढे एसटी खाली उतरतो आणि टी उलटा होतो. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध दिल्यावर ६० ते ९० मिनिटांत एसटीचा चढ निम्म्याहून कमी झाला, तर रोहिणी मोकळी झाल्याचे ते चांगले लक्षण असते. उलट हा चढ कित्येक आठवडे तसाच राहिला, तर डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या) भिंतीला फुगा आला असल्याची शंका घ्यावी लागते.

टी अनेकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सरळ होतो, पण क्यू पुष्कळ रुग्णांत जन्मभर राहतो. म्हणूनच झटका येऊन गेलेल्या माणसाचा जुना ईसीजी जपून ठेवणे फार मोलाचे असते: छातीत पुन्हा दुखले, तर जुना व्रण कोणता आणि नवी इजा कोणती, हे दोन्ही आलेख शेजारी ठेवून ठरवता येते.